दोन तंतूंचा लव्हाळा

थोरलीला कामावरून काढल्याचं पत्र साहेबांनी तिच्या हातात दिलंच नाही. रोपवाटिकेच्या फाटकाजवळच्या फलकावर, पाणी देण्याच्या वेळापत्रकाशेजारी, चार टाचण्या मारून ते लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावं म्हणून. 'दुर्मिळ वनस्पतीची विनापरवाना उपटणी' असं त्यात कारण दिलं होतं. धाकटीने उभ्याउभ्या ते तीनदा वाचलं. मग ती आत गेली आणि तिने झारी उचलली, कारण घरात त्या दोघी बहिणीच होत्या आणि आता पगार एकीचाच राहणार होता. त्या दिवशी तिने साहेबांवर डूख धरला. तो बारा वर्षं धरला.

रोपवाटिका समुद्रालगत होती. किनाऱ्यावरची वाळू धरून ठेवणारी झाडंझुडपं तिथे वाढवायची आणि वाळूच्या टेकड्यांवर नेऊन लावायची, हे तिथलं काम. दोघी बहिणी तिथे एकाच वर्षी लागल्या. शिक्षण दोघींचंही शाळेपुरतंच, पण थोरलीची नजर अशी की पुस्तकं कोळून प्यायलेल्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. धाकटी मेहनती होती. थोरली हुशार होती. हे दोघींनाही मान्य होतं, त्यामुळे घरात त्यावरून कधी भांडण झालं नाही.

होड्या दुरुस्त करणाऱ्या एका आवारामागे, गंजक्या नांगरांच्या ढिगाशेजारी, थोरलीला एक लव्हाळा दिसला. गवतासारखाच, पण खोड बोटांत फिरवलं की गोल फिरत नाही, तीन धारा लागतात. असे लव्हाळे किनाऱ्यावर बरेच असतात. थोरलीने मात्र गुडघ्यांवर बसून भिंगातून त्याची फुलं पाहिली. मादी फुलाच्या टोकाला केसासारखे तंतू असतात. इथे ते तीन होते आणि खालचं फळही तीन कडांचं होतं. रोपवाटिकेतल्या जुन्या ग्रंथात त्या लव्हाळ्याचं वर्णन होतं. खाली लिहिलं होतं, 'या किनाऱ्यावर साठ वर्षांत आढळलेला नाही.'

तिने फक्त दोन काड्या घेतल्या. दोन्ही कागदांत दाबून वाळवल्या, चिठ्ठ्या लिहिल्या, एक काडी दूरच्या शहरातल्या वनस्पती-संग्रहालयाला टपालाने पाठवली आणि दुसरी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेब रोपवाटिकेचे संचालक. नावापुढे पदवी, पदवीपुढे दुसरी पदवी. त्यांनी कागद बोटाने बाजूला सरकवला. म्हणाले, "रानगवत आहे हो. कशाला कागद वाया घालवता? आवार कुठलं म्हणालात?"

थोरलीने आवार सांगितलं.

तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो आला. साठ वर्षांनी सापडलेला लव्हाळा, आणि शोधक कोण, तर साहेब! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. थोरलीने सगळ्यांच्या बैठकीत उठून विचारलं, "साहेब, तो मी आणून दिला होता ना?"

"पुरावा काय?" साहेब म्हणाले.

"कागदावर माझी चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी माझी आहे," साहेब म्हणाले, आणि ती खरंच त्यांची होती. तिची कुठे गेली ते त्यांनाच ठाऊक. मग ते जरा पुढे झुकले. "आणि तुम्हीच काढला असं तुमचं म्हणणं असेल, तर इतकं दुर्मिळ झाड तुम्ही कोणाच्या परवानगीने उपटलंत?"

दुसऱ्या दिवशी फलकावर पत्र लागलं. थोरलीने संग्रहालयाला दोनदा लिहिलं. एकदाही उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा लिहिण्याऐवजी तिने शिवणयंत्र आणलं आणि लोकांचे कपडे उसवून नीट बेतायला सुरुवात केली. तिचा हात तिथेही बसला.

इकडे साहेबांनी आवारामागचा तो अख्खा गड्डा माणसं लावून खणून आणला आणि रोपवाटिकेतल्या सगळ्यात चांगल्या वाफ्यात लावला. सगळ्यात चांगलं खत घातलं. रोज दोन वेळा पाणी. वाळूत उपाशीतापाशी जगणारं झाड ते; दुसऱ्याच महिन्यात मुळाशी कुजून गेलं. पंपावर काम करणाऱ्या काकांनी ते पाहिलं आणि धाकटीला हळूच सांगितलं, "लाडाने मेलं बघ." आठवड्याभरात साहेब बंदरामागून तसाच दिसणारा दुसरा लव्हाळा घेऊन आले आणि त्याच वाफ्यात लावला. पाटी बदलावी लागलीच नाही.

तो तसाच दिसणारा होता, पण तोच होता का, हे धाकटीला कळायला तीन वर्षं लागली. लव्हाळा जमिनीखाली आडवा पसरतो. त्या आडव्या खोडाचे डोळे असलेले तुकडे केले की तुकड्यागणिक रोप होतं. तसे तुकडे करत करत धाकटीनेच सात वाफे भरले होते. तिसऱ्या वर्षी त्याला फुलं आली. थोरलीचं भिंग आता धाकटीच्या गळ्यात असे. ती वाकली, पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. तंतू दोनच होते. फळ चपटं होतं. हा लव्हाळा इथला नव्हताच. जहाजांतून उतरवलेल्या वाळूबरोबर कुठून तरी आलेला परदेशी; पसरला की शेजारी दुसरं काही उगवू न देणारा.

खरं सांगायचं तर त्या दिवशी धाकटी साहेबांना सांगायला गेली होती. नोकरी ती नोकरी. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, वाफ्यातल्या लव्हाळ्याचं जरा बोलायचं होतं. फुलं बघितली, तर—"

साहेबांनी मान वर केली नाही. "तुमच्या बहिणीसारखं डोकं चालवू नका. पाणी द्या."

"हो साहेब," धाकटी म्हणाली.

आणि तिने पाणी दिलं. खुरपं घेऊन तण काढलं, तुकडे केले, आणखी वाफे भरले. तिच्या हातून त्या परदेशी लव्हाळ्याची जी निगा राखली गेली, तेवढी आई लेकराचीही राखत नसेल. येता-जाता काका म्हणायचे, "तुझ्या जागी मी असतो ना, तर पंपाचं पाणी खारं सोडलं असतं." धाकटी नुसती हसायची. मरू देऊन कसं चालेल? वाढायला हवं होतं. साहेबांच्या नावासकट वाढायला हवं होतं.

घरी मात्र तिचा वेगळाच उद्योग चालू होता. थोरलीने काड्या दाबल्या तेव्हा काही फळं गळली होती. ती तिने सवयीने एका पाकिटात भरून ठेवली होती. मोजून एकोणीस. धाकटीने पाकीट मागितलं तेव्हा थोरली म्हणाली, "घे. माझ्या काय उपयोगाची आहेत?" पहिली आठ धाकटीने सरळ वाळूत पेरली आणि ती कुजली. पुढच्या पाचांचं वरचं टणक साल तिने काचकागदाने घासलं. त्यांतलंही काही उगवलं नाही. मग तिच्या डोक्यात आलं, की या झाडाचं बी उगवण्याआधी थंडीतून जात असेल. उरलेली सहा तिने घासून ओल्या वाळूत डबीत भरली आणि डबी फ्रिजमध्ये ठेवली.

"कोथिंबिरीला जागा नाही," थोरली फ्रिज उघडून म्हणाली, "आणि समुद्रकिनारा मात्र आत आणलाय."

दीड महिन्याने डबी खिडकीत आली. दिवसा ऊन, संध्याकाळी गारवा. अठराव्या दिवशी एका दाण्यातून सुईसारखं हिरवं टोक वर आलं. नंतर आणखी दोन. सहांतली तीन. धाकटी खिडकीशी उकिडवी बसून राहिली, आणि तिला आनंद झाला तो कसला, हे तिला नीट ठाऊक होतं. तो झाडाचा नव्हता. हत्याराला धार लागल्याचा होता.

तीन रोपांची पुढच्या वर्षी अकरा झाली, मग साठ, मग चारशे. मागच्या अंगणात जुने टब, रंगाचे डबे, एक मोडका सिंक, सगळ्यांत निव्वळ वाळू आणि थोडी पालापाचोळ्याची माती. खत नाही. पाणी मोजकं, आणि त्यात दर महिन्याला थोडं थोडं मीठ वाढवत न्यायचं, म्हणजे किनाऱ्यावर गेल्यावर झाड दचकायला नको. पहिल्यांदा फुललं तेव्हा तिने थोरलीला भिंग दिलं. थोरलीने पाहिलं, "तीन," म्हणाली आणि शिवणाला परत गेली. पण त्या दिवशी तिने एका पाटलोणीचा एक पाय आखूड केला.

बाराव्या वर्षी सरकारने किनाऱ्यावरची सगळी वाळूची टेकडी रोपं लावून बांधून काढायचं ठरवलं. भरतीचं पाणी रस्त्यापर्यंत येऊ लागलं होतं. लावायचं काय? तर साहेबांनी शोधलेला, इथल्या मातीतला, आपला लव्हाळा. चाळीस हजार रोपं. त्यांतली चार हजार त्याच वर्षी किनाऱ्याच्या उत्तर टोकाला लावून झाली. धाकटी रांगेत बसून लावत होती.

त्याच महिन्यात संग्रहालयाचं पत्र आलं. धाकटीने सहा महिन्यांपूर्वी कोणाला न सांगता पुन्हा लिहून पाहिलं होतं. नव्या संग्रहपाल बाईंनी लिहिलं होतं, की जुन्या इमारतीचं छप्पर गळत होतं, तेव्हा वर्षानुवर्षांची पाकिटं न उघडता तळघरात रचली गेली. आता एकेक उघडतो आहोत. तुमच्या बहिणीचं पाकीट सापडलं. नमुना उत्तम आहे. टपालाचा शिक्का स्पष्ट आहे. तो शिक्का वर्तमानपत्रातल्या फोटोच्या वीस दिवस आधीचा होता.

आणि गंमत अशी, की रोपांची खात्री करून प्रमाणपत्र द्यायला साहेबांनी ज्या मोठ्या पाहुण्यांना बोलावलं होतं, त्या ह्याच संग्रहपाल बाई. साहेबांनी स्वतःच्या हाताने आमंत्रण लिहिलं होतं. धाकटीने संग्रहालयाचं पत्र छातीशी धरलं आणि स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. मग थोरलीला सगळं सांगितलं. वाफ्यांचं, दोन तंतूंचं, नऊ वर्षांच्या गप्प बसण्याचं, सगळं.

शिवणयंत्र थांबलं.

"परदेशी लावला?" थोरली म्हणाली. "किनाऱ्यावर? आणि तू बघत होतीस?"

"बघत कशाला? मीच लावला."

"आणि उरलेला?"

"उरलेलाही लावू दे. पाहणी पुढच्या वर्षी करा असं मी बाईंना लिहीन, सगळी चाळीस हजार लागल्यावर. माघारीला जागाच ठेवायची नाही त्याला. सगळा किनारा त्याच्या नावाने बोंब मारेल."

"त्या वाळूने तुझं काय घोडं मारलंय गं?"

धाकटीने पत्राची घडी घातली.

"आणि हे सगळं माझ्यासाठी, असं म्हणू नकोस," थोरली पुढे म्हणाली. "मला विचारलंस कधी? मलाही येतो त्याचा राग. दुपारी येतो, चहाबरोबर उतरतो. तू मात्र त्याला पाणी घालत बसलीस."

"तुझी चिठ्ठी फाडली त्याने, ताई."

"फाडली. माझी. तुझी नव्हे."

दोन दिवस बहिणी एकमेकींशी मिठा-साखरेपुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी धाकटीने ठरवलं, की पाहुण्या येतील तेव्हाच काय ते करायचं, पुढच्या वर्षाची वाट पाहायची नाही. वाळूची दया आली म्हणून की आता आणखी धीर निघत नव्हता म्हणून, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी वाफे विंचरल्यासारखे दिसत होते. साहेब नवा कोट घालून पुढे, त्यांच्यामागे खात्याचे अधिकारी, मध्ये संग्रहपाल बाई. ठेंगण्या, सावकाश चालणाऱ्या, खांद्याला जाडजूड पिशवी. साहेब सांगत होते, एके काळी आपण एकट्याने हा किनारा कसा पायी पिंजून काढला. धाकटी शेवटच्या वाफ्याशी झारी घेऊन उभी होती.

बाई थांबल्या, वाकल्या, एक काडी हातात घेतली. "तुम्ही ओळख कशावरून पटवलीत?"

"अनुभव," साहेब हसून म्हणाले. "एकंदर ठेवण. पाहिलं की कळतं."

"तंतू किती आहेत?"

"म्हणजे?"

"मादी फुलावरचे तंतू. किती आहेत?"

साहेबांनी काडी घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब केली. नुसत्या डोळ्यांना काय दिसणार? त्यांच्याकडे भिंग नव्हतंच. बारा वर्षांत कधी लागलं नव्हतं. त्यांनी मागे पाहिलं आणि पहिल्यांदाच धाकटीला काहीतरी विचारलं. "सांगा हो यांना. किती?"

धाकटीने झारी खाली ठेवली. हात पदराला पुसले. घाई कशाला करायची?

"किती हवेत, साहेब?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हवेत तीन," धाकटी बाईंकडे वळून म्हणाली. "आहेत दोन. फळही चपटं आहे. हा आपला लव्हाळा नव्हे. आपला ह्यांनी खत घालून मारला, दुसऱ्याच महिन्यात. हा बंदरामागचा, परदेशी."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग मातकट. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"नऊ वर्षं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगायला आले होते. आपण म्हणालात, बहिणीसारखं डोकं चालवू नका, पाणी द्या." तिने झारीकडे बोट दाखवलं. "मी पाणी दिलं."

संग्रहपाल बाईंनी भिंगातून वाफ्यातल्या सहा वेगवेगळ्या काड्या पाहिल्या. मग पिशवीतून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि त्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली: होड्यांच्या आवारामागे, नांगरांच्या ढिगाशेजारी, तंतू तीन, आणि खाली थोरलीचं नाव. टपालाचा शिक्का त्यांनी अधिकाऱ्यांपुढे धरला. साहेब म्हणाले, "हे बनावट आहे." बाई म्हणाल्या, "पाकीट मी स्वतः फोडलंय." एवढ्यात पंपवाले काका हातगाडी ढकलत आले. गाडीवर टब, रंगाचे डबे, मोडका सिंक, आणि त्यांत वाऱ्याने डुलणारा अस्सल किनारी लव्हाळा. काकांना यायला सांगितलं होतं ते 'मी हात वर केला की', पण त्यांना राहवलं नाही.

साहेबांना आधी रजेवर पाठवलं, मग निवृत्त केलं. आपलं सामान न्यायला ते एका दुपारी आले. खोकं जड होतं. उचलू लागायला कोणी पुढे झालं नाही. फाटकाशी ते धाकटीपाशी थांबले. "तुम्हाला काय मिळालं यातून?"

"मजा आली," धाकटी म्हणाली.

आणि खोटं कशाला बोला, आली होती. लोक सांगतात की सूड घेतला की मन रितं होतं. धाकटीचं भरलं. महिनाभर ती गाणं गुणगुणत कामाला गेली.

मग चौकशीचा अहवाल आला. संग्रहपाल बाई सरळ बाई होत्या. त्यांनी कोणालाच सोडलं नव्हतं. 'संबंधित कर्मचारी महिलेने माहिती दडवल्यामुळे चार हजार परदेशी रोपं किनाऱ्यावर गेली', असंही त्यात होतं. धाकटीला ताकीद मिळाली आणि काम नेमून दिलं: उत्तर टोक साफ करायचं. तिने अहवाल वाचून थोरलीपुढे टाकला. थोरलीने वाचला आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय."

तोवर चार हजारांचे चाळीस हजार झाले होते. वाळूत हातभर खोल गेलेलं आडवं खोड ओढलं की तुटायचं, आणि आत राहिलेल्या बोटभर तुकड्याला पंधरा दिवसांत पालवी फुटायची. एवढा जोमदार का होणार नाही? मूळ रोपं कोणी पोसली होती! धाकटी उन्हात गुडघ्यांवर बसून खणायची आणि स्वतःच्याच निगराणीला शिव्या द्यायची. थोरलीला खात्याने माफीचं पत्र आणि जुनी नोकरी दोन्ही देऊ केलं. माफी तिने ठेवून घेतली, संग्रहालयातल्या कागदावर आपलं नाव लागलं का याची खात्री करून घेतली, नोकरी मात्र नाकारली. सुट्टीच्या दिवशी ती बहिणीबरोबर खणायला यायची. दोन तास खणायची, कंबर धरून उठायची आणि म्हणायची, "माझ्या वाट्याचं झालं. उरलेलं तुझं."

तिसऱ्या वर्षी दक्षिणेकडच्या टेकडीवर, धाकटीच्या टबांतून नेऊन लावलेल्या अस्सल लव्हाळ्याने वाळू धरली. भरतीचं पाणी टेकडीच्या पायथ्याला लागून परत गेलं, रस्ता कोरडा राहिला. लहान रोपांचे गड्डे न्यायला दुसऱ्या किनाऱ्यांवरून माणसं येऊ लागली आणि काचकागद, ओली वाळू, दीड महिना थंडी हे धाकटी त्यांना हातचं काही न राखता शिकवू लागली. उत्तर टोक अजून साफ झालेलं नाही. निम्मं झालंय.

साहेब दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांची भाजी घ्यायची वेळ सकाळी दहाची, चौकातल्या दुकानात. धाकटीच्या घराजवळ भाजीचं चांगलं दुकान आहे, पण ती दर रविवारी, खणायला जाण्याआधी, वाट वाकडी करून चौकात जाते. साहेबांच्या अगदी शेजारी उभी राहते. बोलत काही नाही. भेंडीचं देठ मोडून बघते, टोमॅटो दाबून बघते, आणि साहेब अर्धवट भरलेली पिशवी उचलून निघून जाईपर्यंत हलत नाही.

"पुरे की आता," थोरली म्हणते. "एवढ्या लांब कशाला जातेस?"

"भाजी ताजी असते तिथली," धाकटी म्हणते, आणि फावडं खांद्यावर टाकते.